रेषेबाहेरचा उस्ताद
फुटबॉलच्या मैदानावरून कारागिराने आणि दुकानदाराने काय शिकावे?

आमच्या बेंबळीत मोटार वाइंडिंगचे एक जुने दुकान होते. विहिरीवरची असो की बोअरची, जळालेली मोटार समोर ठेवली की चाचा नुसत्या वासावरून काय बिघडले ते सांगत. आसपासच्या गावांतले शेतकरी डोळे झाकून त्यांच्याकडे येत.

दुकानात दोन मुले कामाला होती. एक सहा वर्षांपासून, दुसरा चार वर्षांपासून. मोटार खोलणे, जळालेली तार तोडून काढणे, खाचा खरवडून साफ करणे आणि शेवटी वार्निश देणे, ही कामे त्यांची. तार कोणत्या गेजची घ्यायची, एका कॉइलला टर्न किती द्यायचे, जोडणी कशी करायची, हे सारे चाचांच्या डोक्यात. मुलाने विचारलेच, "चाचा, याला टर्न किती?" तर उत्तर ठरलेले, "तू तार धर."

एका उन्हाळ्याच्या तोंडावर चाचांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणेही अडखळू लागले. दुकानात मोटारी येऊन पडल्या होत्या आणि शेतात पिके पाण्यावाचून सुकत होती. दोन्ही मुलांनी मोटारी खोलल्या आणि पुढे काय करावे ते न कळून बसून राहिले. शेतकऱ्यांनी आपापल्या मोटारी उचलून धाराशिवला नेल्या. दोन महिन्यांत शटर खाली आले. एक मुलगा पुण्याला गेला, दुसरा आज रिक्षा चालवतो.

चाचांचा हात गेला त्या दिवशी त्यांचा हुन्नरही गेला, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हातात उतरलाच नव्हता. ही एका दुकानाची कथा नव्हे. शिलाईचे दुकान, गॅरेज, वेल्डिंग, सुतारकाम, गवंडीकाम, सर्वत्र हेच चालू आहे. मुले टिकत नाहीत अशी तक्रार आम्ही रोज ऐकतो. उस्ताद मुलांना काय देतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला फुटबॉलचा प्रशिक्षक आठवला. आपल्या भागात कबड्डी आणि क्रिकेट जास्त, फुटबॉल कमी, हे खरे. पण या खेळातली एक गोष्ट प्रत्येक उस्तादाने ध्यानात घेण्यासारखी आहे. नव्वद मिनिटांचा सामना सुरू झाला की प्रशिक्षकाला मैदानाच्या रेषेबाहेर उभे राहावे लागते. तो स्वतः कितीही मोठा खेळाडू असला तरी आत धावत जाऊन चेंडू मारू शकत नाही. अकरा जणांच्या पायांत त्याने आधी जे उतरवले असेल तेवढेच त्या दिवशी कामाला येते.

आपण मात्र काय करतो? गिऱ्हाईक समोर उभे असले आणि मुलाचा हात जरा अडखळला की, "सर बाजूला" म्हणून पाना हिसकावून घेतो. काम लवकर होते, गिऱ्हाईक खूश होते. मुलगा मात्र काल जिथे होता तिथेच आजही राहतो.

दोन शिक्षक

या लेखात आम्ही दोन माणसांकडे बोट दाखवणार आहोत. दोघेही पेशाने शिक्षक.

पहिले हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. जन्म 1909 चा. हैदराबाद सिटी पोलीस या संघाला त्यांनी घडवले. या संघाने मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा 1950 ते 1954 अशी सलग पाच वेळा जिंकली. त्या पाच वर्षांत आपला जिल्हाही हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे हा आपल्याच राज्याचा संघ होता. 1950 पासून 1963 मध्ये इंतकाल होईपर्यंत रहीम साहेब भारताच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 मध्ये दिल्लीत आणि 1962 मध्ये जकार्ता येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीत पोहोचला. आशियातला कोणताही संघ त्यापूर्वी तिथवर गेला नव्हता. 2024 मध्ये त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

दुसरे नागपूरचे विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडा शिक्षक होते. 2001 साली एका पावसाळी दिवशी त्यांनी झोपडपट्टीतली मुले एक फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडत खेळताना पाहिली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले आणि 'स्लम सॉकर' या नावाने देशाबाहेर गेले. 2016 मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, या कामाला आपला विविधता पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा 2022 चा 'झुंड' हा चित्रपट बारसे सरांच्या या कामावर बेतलेला आहे.

एकाने देशातले निवडक खेळाडू घडवले, दुसऱ्याने कोणी न निवडलेली मुले. दोघांच्या कामातून निघणारे धडे मात्र एकमेकांना जुळतात.

पहिला धडा : मुलगा काय घेऊन आला आहे ते पाहा

नागपूरच्या त्या पावसात येणारे-जाणारे अनेक होते. बहुतेकांना दंगा करणारी उनाड पोरे दिसली असतील. बारसे सरांना दिसले की ही मुले थकत नाहीत, आपसांत संघ पाडून घेतात आणि जोवर खेळत आहेत तोवर वाईट संगतीपासून दूर आहेत. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता. खेळण्याची ओढ होती. ज्याच्याजवळ ओढ आहे त्याला चेंडू देता येतो. उलटे करणे फार अवघड.

कामाला आलेल्या मुलाकडे आपण याच नजरेने पाहावे. तो किती शिकला, कोणाचा मुलगा, हे विचारून झाल्यावर पहिले पंधरा दिवस त्याला नुसते न्याहाळा. कोणता मुलगा पाने जागच्या जागी ठेवतो? कोणाला गिऱ्हाइकाशी बोलायला आवडते? कोण हिशेबात पक्का आहे? कोणाचा हात बारीक कामात स्थिर राहतो? ज्याला आपण 'ढ' म्हणतो तो पुष्कळदा चुकीच्या कामावर बसवलेला असतो.

आणि त्याची अडचणही पाहा. तुलसीदास बलराम हा भारताचा फार मोठा खेळाडू. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला. सरावाला हैदराबादला येण्या-जाण्याचा खर्च त्याला झेपत नव्हता. रहीम साहेबांनी ती सोय केली, तेव्हा तो मैदानावर येऊ शकला. उशिरा येणाऱ्या मुलावर ओरडण्याआधी तो कोणत्या एस. टी. ने येतो आणि सकाळी काही खाऊन येतो का, हे एकदा विचारावे. पुष्कळ वेळा आळस वाटतो ते भाड्याचे दहा रुपये असतात.

दुसरा धडा : कच्च्या पायाचा सराव

बहुतेक खेळाडू उजव्या पायाचे. चेंडू डावीकडे आला की ते वळसा घेऊन तो उजव्या पायावर आणतात आणि तेवढ्यात समोरचा येऊन चेंडू काढून नेतो. रहीम साहेब यासाठी केवळ कच्च्या पायाने खेळायचे सामने ठेवत. पक्का पाय वापरायचाच नाही. पहिल्या दिवशी फजिती होते. काही महिन्यांनी खेळाडूला दोन पाय मिळतात.

शिलाईच्या दुकानात कटिंग मास्तर कटिंग आपल्या हाती ठेवतो. मुलगा पाच-पाच वर्षे काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री करीत राहतो. त्यात त्याचा हात बसलेला असतो, काम पटपट होते, म्हणून त्याला तिथून कोणी हलवीत नाही. सोय मास्तरांची होते, नुकसान दोघांचे. आठवड्यातून एक दुपार अशी ठरवावी की त्या वेळी मुलाने न येणारेच काम करायचे. जुन्या चादरीवर, कागदावर किंवा चिंधीवर कटिंग करू द्यावे. वाइंडिंगवाल्याने भंगारातली एक मोटार त्यासाठीच बाजूला ठेवावी. गवंड्याने अडगळीतली भिंत आधी मुलाच्या ओळंब्याने उठवून पाहावी. गिऱ्हाइकाच्या मालावर शिकवू नये. पण शिकवायला माल नाही ही सबबही सांगू नये.

तिसरा धडा : सांगणे थोडे, करवून घेणे फार

चांगला प्रशिक्षक मैदानावर व्याख्यान देत नाही. तो कामाचे तुकडे पाडतो. चेंडू थांबवणे वेगळे, देणे वेगळे, दिल्यावर रिकाम्या जागेत धावणे वेगळे. अकरा-अकरा जणांच्या मोठ्या सामन्यात एखाद्या मुलाच्या वाट्याला चेंडू फार थोडा येतो. म्हणून तो चार-चार जणांचे छोटे सामने लावतो आणि प्रत्येकाच्या पायाला पुन्हा पुन्हा चेंडू लागतो. एका वेळी तो एकच चूक दुरुस्त करतो. पाच चुका एकदम दाखवल्या तर मुलगा एकही सुधारत नाही, फक्त घाबरतो.

आपल्याकडे शिकवण्याची रीत अशी की, "बघत राहा, येईल आपोआप." बघून काही अंशी येते, हे खरे. पण मुलगा हात पाहतो. हाताने तसे का केले, हे त्याला दिसत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी आपण करून दाखवावे, दुसऱ्यांदा त्याला बरोबर घेऊन करावे, तिसऱ्यांदा त्याने करावे आणि आपण पाहावे, आणि चौथ्यांदा आपण तिथून उठून जावे. ही चौथी पायरी सर्वांत कठीण. उस्तादाचे हात शिवशिवतात. ते आवरणे हीच रेषेबाहेर उभे राहण्याची परीक्षा होय.

चौथा धडा : चूक कोणाची हे नंतर, का झाली हे आधी

1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. प्रशिक्षक रहीम साहेबच होते. असा पराभव झाला की खेळाडूंना नालायक ठरवणे सोपे असते. पण थंड, ओल्या मैदानावर बूट घातलेल्या संघापुढे अनवाणी पाय टिकत नाहीत, हे कारण उघड होते. त्यानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. एकट्याने चेंडू खेळवत नेण्याची सवय मोडून, चटकन साथीदाराला देऊन पुढे सरकण्याचा खेळ रहीम साहेबांनी खेळाडूंच्या अंगवळणी पाडला. चार वर्षांनी, 1956 मध्ये, मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवले. त्यातले तीन गोल मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझा यांचे होते.

दुकानात मोटार पुन्हा जळाली, कापड उलटे कापले गेले, माप चुकले, तर आपण पहिल्यांदा मुलावर तुटून पडतो, तेही गिऱ्हाइकासमोर. त्यातून मुलगा एकच गोष्ट शिकतो : पुढची चूक लपवायची. लपवलेली चूक गिऱ्हाइकाच्या घरी उघडी पडते आणि नाव दुकानाचे जाते. म्हणून एक नियम करावा. चूक आत, एकट्यात सांगावी. शाबासकी बाहेर, चार लोकांत द्यावी. आणि आपली चूक झाली तर ती मुलांसमोर कबूल करावी. उस्तादाने, "टेप मीच चुकीचा धरला," असे एकदा म्हटले तर दुकानात खरे बोलण्याची वाट मोकळी होते.

पाचवा धडा : माणसाची जागा बदलून पाहा

1962 ची जकार्ता येथील आशियाई स्पर्धा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 ने हरवले. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली. ते बचाव फळीतले खंबीर खेळाडू. जखमी माणसाला बाहेर बसवणे हा सरळ मार्ग होता. रहीम साहेबांनी उपांत्य सामन्यात त्यांना बचावातून काढून आक्रमणात पुढे उभे केले. त्यांनी गोल केला. 4 सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. एका राजकीय वादामुळे सुमारे एक लाख प्रेक्षकांचे मैदान भारताच्या विरोधात ओरडत होते. भारताने 2-1 ने सामना जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंग यांचा.

एखाद्या कारागिराची नजर मंदावते, पाठ धरते, हात दुखावतो. आपण त्याला घरी बसवतो. पण बारीक सुईकाम न जमणारा म्हातारा कारागीर कापडाची पारख करू शकतो, गिऱ्हाईक सांभाळू शकतो, मुलांना शिकवू शकतो. फक्त जागा बदलण्याआधी माणूस पूर्ण ओळखलेला असावा. रहीम साहेबांनी तो डाव हवेत खेळला नव्हता. खेळाडूची ताकद त्यांना ठाऊक होती.

सहावा धडा : उमेद शब्दांनी नव्हे, व्यवहाराने वाढते

जकार्ताच्या वेळी रहीम साहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, अशी आठवण त्या संघातले खेळाडू सांगत. ही आठवण ऐकून पुष्कळांना वाटते की चार हृदयस्पर्शी वाक्ये बोलता आली की माणसे जीव तोडून काम करतात. आमचे मत वेगळे आहे. त्या वाक्याला वजन होते ते मागच्या बारा वर्षांमुळे. ज्याने पाय घडवले, अडचण पाहिली, हरल्यावर हात सोडला नाही, त्याचेच मागणे खेळाडू मनावर घेतो.

आणखी एक गोष्ट. हैदराबाद पोलीस संघाच्या खेळाडूंना पोलीस खात्यात नोकरी होती. घरची चूल पेटलेली असली तरच माणूस मन लावून खेळतो. म्हणून ईदच्या आधी, "तू मला मुलासारखा आहेस," असे म्हणणाऱ्या मालकाने पगार ठरल्या तारखेला दिला की नाही हे आधी पाहावे. मुलासारखा म्हणायचे आणि पैसे अडकवायचे, याने मनातून माणूस उठतो. पगार ठरलेला असावा, तारीख ठरलेली असावी आणि काम वाढले की तो वाढावा. स्वतंत्रपणे केलेल्या प्रत्येक कामामागे थोडा हिस्सा ठेवला तर आणखी उत्तम.

इथेच हेही सांगितले पाहिजे की चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने बंद आहे, आणि अठरा वर्षांखालच्यांना धोक्याच्या कामावर. त्या वयाच्या मुलाचे मैदान शाळा हेच होय.

उस्ताद गेल्यावर

रहीम साहेबांचा 11 जून 1963 रोजी इंतकाल झाला. जकार्ताच्या विजयाला नऊ महिनेच झाले होते. त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले आणि 1970 मध्ये बँकॉकला भारताने कांस्यपदक मिळवले. म्हणजे दिवा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पण देशभर असे शिक्षक तयार करण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. 1970 नंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे पदक भारताला मिळालेले नाही आणि 1960 नंतर आपला संघ ऑलिंपिकला पोहोचलेला नाही. एवढ्या मोठ्या देशाचे असे होते, तर आपल्या दहा बाय बाराच्या दुकानाचे काय?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, पुष्कळांच्या मनात एक भीती असते : सगळे शिकवले तर हाच मुलगा उद्या समोर दुकान थाटेल. ही भीती आम्ही खोटी म्हणणार नाही, असे घडते. पण शिकवले नाही म्हणून मुलगा थांबतो असेही नाही. तो पुण्याला किंवा हैदराबादला जातो, तिथे दुसऱ्याकडून शिकतो आणि आपल्याबद्दल कडू बोलतो. शिकून वेगळा झालेला शागीर्द मात्र अडचणीला धावून येतो, हातातले जास्तीचे काम पाठवतो आणि चार लोकांत आपल्या उस्तादाचे नाव घेतो. बाजारात त्या नावाचीही किंमत असते.

म्हणून या महिन्यापासून तीन कामे करावीत. एक, दुकानात एक जाड वही ठेवावी. मोटारवाल्याने त्यात प्रत्येक मोटारीचा हॉर्सपॉवर, तारेचा गेज, टर्न आणि जोडणी लिहावी. शिंप्याने मापे आणि कटिंगचे आकडे. गॅरेजवाल्याने कोणत्या आवाजाला कोणता बिघाड निघाला ते. ही वही मुलाच्या हाताने लिहून घ्यावी. दोन, आठवड्यातली एक दुपार शिकवण्यासाठी राखावी. तीन, महिन्यातून एक दिवस ठरवून दुकानातून बाहेर राहावे आणि संध्याकाळी येऊन काय अडले ते विचारावे. जे अडले तेच पुढच्या महिन्याचा धडा.

बेंबळीचे चाचा आज घराच्या ओट्यावर बसतात. मध्यंतरी रिक्षावाला झालेला तो मुलगा त्यांना भेटायला आला होता. आम्ही तिथेच होतो. चाचांनी डाव्या हाताने जमिनीवर रेघा ओढून त्याला कॉइलची जोडणी दाखवली. मुलगा खाली बसून लक्ष देऊन पाहत होता. निघताना तो आम्हाला एवढेच म्हणाला, "हे तेव्हा दाखवले असते तर दुकान चालू असते."

आपल्या दुकानाचे शटर अजून उघडे आहे. हातही चालू आहे. दाखवण्याची वेळ हीच आहे.